पाच गोष्टी, एक शहर आणि आमचे डिगूकाका

सिनेमा आम्ही बनवला, पण लोक विचारतात ते किस्सेच! परवा भाजी घेताना एकीने अडवलं. "ताई, तुमच्या पिक्चरमधली ती पिठल्याची गंमत सांगा ना!" म्हटलं, बाई, तू पिक्चर बघितलास का? तर म्हणे, "नाही हो, पण पिठल्याचं ऐकलंय." घ्या! आम्ही चहाला जमलो की दर वेळी एखादा नवा किस्सा निघतो, तो सांगून होत नाही तोवर दुसरा मध्ये तोंड घालतो. म्हणून म्हटलं, एकदाचे सगळे सांगून टाकावेत.

तर आमचं नाशिकच्या सातपूरचं नाटकमंडळ. सगळे कारखान्यांतले. कोणी फिटर, कोणी वेल्डर, मी एका कंपनीत स्टोअर सांभाळते. वर्षानुवर्षं आम्ही कामगारांच्या स्पर्धांत नाटकं केली. मग आमचे दिग्दर्शक बापू निकम रिटायर झाले आणि त्यांच्या डोक्यात सिनेमा शिरला. एकच सिनेमा, पण त्यात पाच छोट्या गोष्टी आणि पाचही मोठ्या शहरातल्या. शहर अर्थातच नाशिक.

मी विचारलं, "बापू, नाशिक एवढं मोठं आहे का हो?"

"अगं, काय बोलतेस! टॉवर आहेत, ट्रॅफिक आहे, माणूस माणसाला ओळखत नाही. अजून काय पाहिजे?"

हे आम्ही टपरीवर उभं राहून बोलत होतो. तेवढ्यात रस्त्यावरून चौघांनी गाडी स्लो करून बापूंना नमस्कार केला. एकाने तर गुडघा कसा आहे तेही विचारलं.

*

आता डिगूकाका. ते आमचे प्रॉम्प्टर. नाटकात नट वाक्य विसरला की विंगेत लपून त्याला हळूच शब्द पुरवायचा, हे त्यांचं काम. निम्मं आयुष्य त्यांनी असं पडद्यामागे उभं राहून काढलं. सगळ्यांची सगळी वाक्यं पाठ, पण स्टेजवर कधी पाऊल टाकलं नाही.

आणि सुमनकाकू, म्हणजे त्यांच्या मिसेस, प्रत्येक प्रयोगाला हजर. चांगली साडी, गजरा, तिसरी रांग. शेजारची बाई हमखास विचारायची, "तुमचे मिस्टर कोणतं काम करतात?" काकू म्हणायच्या, "ते आत आहेत." नाटक संपायचं, पडदा पडायचा, काका आतच!

सिनेमाचं ठरलं तेव्हा काकू डबाभर चिवडा घेऊन बापूंच्या घरी आल्या. "बापूभाऊजी, इतकी वर्षं मी कधी काही बोलले नाही. पण एकदा तरी ह्यांना मला समोरून बघू द्या. मग माझं काही मागणं नाही."

बापू तसे फणकाऱ्याचे, पण त्या दिवशी चष्मा पुसत बसले. पाचव्या गोष्टीत एक म्हातारा आहे, एकटा, टॉवरमध्ये राहणारा. ते काम त्यांनी तिथल्या तिथे काकांना दिलं. आम्ही सगळ्यांनी मनाशी ठरवलं, सिनेमा कसा का होईना, काकूंना काका पडद्यावर दिसले पाहिजेत.

*

कॅमेऱ्यावर प्रसाद. लग्नांचं शूटिंग करणारा, चांगला नावाजलेला. पण त्याला आमची सवय नव्हती आणि आम्हाला त्याची.

पहिल्या दिवशी एका फ्लॅटमध्ये बापूंच्या गोष्टीतला घरचा सीन होता. प्रसाद म्हणाला, "रेडी? ॲक्शन!" कोणी हललं नाही. बापू म्हणाले, "घंटा कुठाय?"

"कसली घंटा?"

"तिसरी! तिसरी घंटा झाल्याशिवाय आमच्याकडे कोणी तोंड उघडत नाही."

शेवटी देवघरातली घंटा आणली. प्रत्येक शॉटच्या आधी तीनदा वाजवायची, मग सुरू. शेजारच्या आजी दर वेळी प्रसादासाठी बाहेर यायच्या.

दुसरी पंचाईत म्हणजे पाठ. प्रेक्षकांना पाठ दाखवायची नाही, हे आमच्या हाडीमासी भिनलेलं. सीन असा होता की बापू खिडकीतून बाहेर बघतायत आणि कॅमेरा मागून. प्रसादने कॅमेरा मागे लावला की बापू वळून कॅमेऱ्याकडे तोंड करायचे. प्रसाद दुसऱ्या बाजूला गेला, बापू तिकडे वळले. असं खोलीभर चाललं. शेवटी प्रसाद वैतागून म्हणाला, "बापू, तुम्हाला खिडकीबाहेर बघायचंय!"

"बघतोय की! पण त्यांना माझा चेहरा दिसायला नको का?"

*

चार दिवसांचं शूटिंग झाल्यावर प्रसाद हेडफोन लावून बसला आणि पांढराफटक पडून माझ्याकडे आला. "ताई, त्या फ्लॅटमध्ये काहीतरी आहे."

"काय आहे?"

"ऐका."

मी ऐकलं. आमच्या मंडळातली नटी सुरेखा म्हणत होती, "मी आता इथे राहणार नाही." पण तिच्या जरासं आधी, खोल कुठून तरी, एक पुरुषी आवाज कुजबुजत होता, "मी आता इथे..." पुढचं वाक्य, तसंच. त्याच्या पुढचं, तसंच. चारही दिवसांच्या प्रत्येक वाक्याआधी तो आवाज!

प्रसाद म्हणाला, "शांत करून घ्या ती जागा. मी उद्यापासून येत नाही."

मला मात्र आवाज ओळखीचा वाटला. दुसऱ्या दिवशी घंटा व्हायच्या आत मी बेडरूममधलं कपाट उघडलं. आत हँगरला टांगलेल्या साड्यांच्या मधोमध डिगूकाका उभे!

"काका, तुम्ही इथे काय करताय?"

"म्हणजे? प्रॉम्प्टिंग." आणि वर मलाच रागावले. "दार लाव आधी, एन्ट्री होतेय."

चारही दिवसांचं पुन्हा शूट करावं लागलं. बापूंनी दम भरला, "यापुढे सेटवर प्रॉम्प्टिंग बंद. कोणीही, कोणालाही, एक शब्द द्यायचा नाही!" काका इतके खट्टू झाले की त्यांना दोन दिवस घास गोड लागला नाही, असं काकू सांगत होत्या.

*

पहिली गोष्ट एकटेपणाची. सुरेखा मूळची पेठ तालुक्यातली, सातपूरला नोकरीला. तिचं कामही तसंच, गावाकडून आलेली मुलगी, रविवारी मिसळ खायला एकटी बसते, गर्दीत तिचं कोणी नाही, डोळ्यांत पाणी. बापूंना सगळं खरं हवं होतं. त्यामुळे मिसळ खरी, तर्री खरी आणि डोळ्यांतलं पाणीही खरं. प्रसाद लांब कोपऱ्यात लपून बसला होता.

घंटा झाली. सुरेखाने दोन घास खाल्ले, डोळे भरून आले. बापू खूश. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या एक काकू ताट घेऊन उठल्या आणि थेट सुरेखासमोर येऊन बसल्या. "काय गं बाळा, रडतेस कशाला? कोणाची तू?"

सुरेखा बिचारी भूमिकेत राहिली.

"हे घे, दही घाल त्यात. गाव कुठलं? घरी भांडण झालं का? लग्न झालंय?"

बापू ओरडले, "कट! कट!"

काकूंनी मान वळवली. "ओ भाऊ, ओरडता काय? एवढी तरणी पोर एकटी जेवतेय, ते दिसत नाही का तुम्हाला?"

सगळं समजावून सांगितल्यावरही त्या काही उठल्या नाहीत. सुरेखाचं जेवण होईपर्यंत बसल्या, पापड दिला, फोन नंबर घेतला. एकटेपणाची गोष्ट आम्ही चार वेगवेगळ्या मिसळीच्या ठिकाणी करून बघितली. नाशकात एकटं जेवू देत नाहीत हो! शेवटी पहिलाच टेक ठेवला, काकूंसकट. आता त्या काकूंनी सुरेखासाठी स्थळ आणलंय.

*

चौथी गोष्ट बापूंची स्वतःची, ट्रॅफिक जामची. हीच सगळ्यात मोठी आणि सगळ्यात लाडकी. माणूस गाडीत अडकलाय, चहूबाजूंनी हॉर्न, शिव्या आणि तो फोनवर बायकोची माफी मागतोय.

रोज जिथे तासभर अडकतो तिथे आम्ही कॅमेरा घेऊन गेलो, तर रस्ता मोकळा! तीन दिवस गेलो, तिन्ही दिवस मोकळा. मग बापूंनी त्यांच्या मित्राला, राजाभाऊंना फोन लावला. राजाभाऊंचं पिंपळगाव बसवंतला द्राक्षं निवडून खोक्यांत भरायचं पॅकहाऊस आहे, सिनेमाला त्यांचा हातभार होताच. ते म्हणाले, "टेम्पो किती पाहिजे सांग. लय मोठा जाम करून देतो तुला!"

पॅकहाऊसच्या मागच्या रस्त्यावर टेम्पोच टेम्पो आले. प्रसादने सांगितलं, "सगळ्यांनी एकदम पुढे घुसायचं." घंटा झाली. पहिला टेम्पो थोडा पुढे आला, थांबला आणि ड्रायव्हरने हात बाहेर काढला. "जाय दादा, आधी तू जाय."

"नाय नाय, तू जाय. तुला लांब जायचंय."

पाच मिनिटांत रस्ता मोकळा! जाम होईचना.

बापू डोक्याला हात लावून म्हणाले, "अरे, जागच्या जागी उभे राहा आणि निदान एकमेकांना शिव्या तरी द्या!"

पुन्हा घंटा. सगळे गप्प. मी एका ड्रायव्हरला विचारलं, "काय झालं?"

तो हळू आवाजात म्हणाला, "ताई, समोर मामा हायेत माझे. अन् बाजूला सासरे. कोणाला देऊ?"

तरी कसाबसा तो सीन उभा राहिला. बापूंनी फोनवर माफी मागायची ती कुजबुजत, असं स्क्रिप्टमध्ये होतं. पण नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशी कुजबुज! सगळ्या टेम्पोवाल्यांनी खाली उतरून विचारलं, "वहिनी आल्या का मग घरी?"

*

हां, पिठलं. दुसरी गोष्ट जेवण पोचवणाऱ्या मुलीची. तेही काम सुरेखाकडेच, कारण आमच्याकडे नट्या दोनच, ती आणि मी. सीन एवढाच की ती पिशवी घेऊन जिना चढते, बेल वाजवते, दार उघडतं आणि घरमालक तिच्याकडे न बघता पिशवी घेऊन दार लावतो. मोठ्या शहराचा कोरडेपणा, वगैरे.

पिशवीत काहीतरी वजनाचं हवं म्हणून मी समोर दिसला तो डबा टाकला. तो होता डिगूकाकांचा. काकूंनी दिलेलं पिठलं-भाकरी, ठेचा, कांदा.

आमचा माणूस बिल्डिंगच्या बी विंगमध्ये दाराआड तयार उभा. सुरेखा गेली ए विंगमध्ये. तिने बेल वाजवली. दार उघडलं, टॉवेल गुंडाळलेले एक गृहस्थ बाहेर आले, पिशवी घेतली, दार लावलं. प्रसाद मागून म्हणाला, "वा! काय नॅचरल आहे!"

आम्हाला कळेपर्यंत अर्धा तास गेला. काका उपाशी. मी ओशाळून ए विंगची बेल वाजवली. ते गृहस्थ हात पुसत आले, डबा घासून लख्ख केलेला. "अहो, मी पिझ्झा मागवला होता. पण राहू द्या. हे हॉटेल कुठे आहे? उद्या परत मागवायचंय."

काकूंना हे सांगितलं तर त्यांना पिठल्याचं काही वाटलं नाही. त्या म्हणाल्या, "ह्यांचं शूटिंग कधी आहे?"

*

तिसऱ्या गोष्टीबद्दल फार बोलत नाही. राजाभाऊंची एकच अट होती, सिनेमात त्यांचं कोल्ड स्टोरेज दिसलं पाहिजे. म्हणून प्रेमाची गोष्ट कोल्ड स्टोरेजमध्ये. मी नायिका, आमचा वेल्डर नायक, दोघांचे दात वाजतायत, नाकं लाल. "माझं तुझ्यावर" एवढं म्हणायला त्याला पाऊण मिनिट लागलं. एडिटिंगला बघताना माझा नवरा म्हणाला, "प्रेमात पडलेत कसले, थंडीताप भरलाय दोघांना!"

आणि एडिटिंगचं तर विचारूच नका. प्रसादने पहिली कॉपी दाखवली, तर नायक-नायिका कायमचे वेगळे होतात तिथे वरून गुलाबाच्या पाकळ्या! दोघांचे चेहरे बदामाच्या आकारात. आणि शेवटी पडद्यावर भल्यामोठ्या अक्षरांत, "आपली उपस्थिती हाच आमचा आहेर."

बापू म्हणाले, "अरे, हे काय?"

"सॉरी, सवयीने राहिलं." मग थोडं थांबून, "पण चांगलं दिसतंय ना?"

*

डिगूकाकांचा सीन सगळ्यात शेवटी ठेवला होता. गंगापूर रोडची नवी बिल्डिंग, लिफ्ट. म्हातारा दिवसभर लिफ्टने वर-खाली करतो, कोणी बोलायला मिळतं का बघतो. मी भाजीची पिशवी घेऊन शिरते आणि विचारते, "कुठे जायचंय काका?" तो म्हणतो, "कुठंच नाही. तुमच्या मजल्यापर्यंत सोबत येतो." बस, एवढं एकच वाक्य.

आणि ते वाक्य काकांना बोलता येईना! सगळ्या नाटकांतली सगळ्यांची वाक्यं पाठ असलेला माणूस. मी विचारायचे, "कुठे जायचंय काका?" आणि ते डावीकडे बघायचे. विंगेकडे. तिथे लिफ्टचा आरसा. आरशातले काकाही तसेच वाट बघत उभे. शब्द कोण देणार? बापूंनी बंदीच घातलेली.

टेकवर टेक. बिल्डिंगमधले लोक खाली ताटकळले, चेअरमन येऊन म्हणाले, "आता शेवटचं. मग लिफ्ट सोडा." काकांच्या कपाळावर घाम. मला त्यांचा हात धरावासा वाटत होता.

शेवटची घंटा झाली. दार बंद झालं. मी विचारलं. काका गप्प. मजले जातायत, काका गप्प. मी मनात म्हटलं, गेलं. आणि अगदी माझा मजला यायच्या आधी काकांनी डावीकडे न बघता माझ्याकडे बघितलं आणि ते वाक्य म्हणाले. इतक्या साधेपणाने म्हणाले की मी माझं हसायचं विसरले.

बापू म्हणाले, "छान! मधली शांतता कापून टाकू."

प्रसाद म्हणाला, "कशी कापू? सलग शॉट आहे. कापलं तर लिफ्ट तिसऱ्यावरून डायरेक्ट नवव्यावर जाईल."

*

मग आलं संकट. हॉल मिळाला तो दोनच तास, त्यानंतर तिथे कुठलासा सत्कार. आणि सिनेमा भरला त्याहून बराच जास्त. एक गोष्ट काढायलाच हवी.

बापूंनी बैठक घेतली. "कोणती काढायची, हात वर करून सांगा." प्रत्येकाने दुसऱ्याची सांगितली. राजाभाऊ म्हणाले, "कोल्ड स्टोरेजला हात लावायचा नाय हां!" मिसळ लोकांना आवडणारच होती, पिठलं तर सातपूरभर गाजलेलं. राहिल्या दोन, बापूंचा ट्रॅफिक जाम आणि काकांची लिफ्ट. कोणीतरी बोललंच, "लिफ्टमध्ये तसं काही घडत नाही." सगळे खाली बघायला लागले. डिगूकाका म्हणाले, "काढा की. सिनेमा महत्त्वाचा." आणि चहाचे कप उचलून आत गेले.

बापू म्हणाले, "बघतो मी." आणि त्यानंतर काही बोलायला तयार नाहीत. प्रसादही तोंड उघडेना.

इकडे काकूंनी अख्ख्या कॉलनीला आमंत्रण दिलेलं! रोज फोन. "किती वाजता दाखवणार ह्यांचं?" त्यांना सांगायचं काम माझ्यावर आलं. मी दोनदा त्यांच्या घरी गेले आणि दोन्हीदा नुसता चहा पिऊन आले. त्या मला नवी साडी दाखवत होत्या, मी काय बोलणार?

*

शोच्या दिवशी हॉल गच्च. काकू तिसऱ्या रांगेत, गजरा वगैरे. पण या वेळी शेजारच्या खुर्चीवर डिगूकाका! इतक्या वर्षांत दोघं पहिल्यांदाच शेजारी बसले होते. काकांना चैन पडेना, अर्धवट उठायचे, पडद्याच्या बाजूच्या दाराकडे बघायचे. काकूंनी हात धरून खाली बसवलं. "बसा. आज आत कोणी लागत नाही."

मी त्यांच्या मागच्या रांगेत.

मिसळ झाली, हॉल हसला. पिठलं झालं, शिट्ट्या. कोल्ड स्टोरेजलाही लोक हसले, तिथे हसायचं नव्हतं पण जाऊ द्या. आता ट्रॅफिक जाम, म्हणून मी डोळे मिटून घेतले. कानावर हॉर्न आले नाहीत. डोळे उघडले तर पडद्यावर लिफ्टचं दार आणि त्यात डिगूकाका, अख्ख्या पडद्याएवढे!

काकूंच्या तोंडून नुसतं "अगं बाई" एवढंच निघालं.

माझ्या शेजारी राजाभाऊ गडबडले. मागे वळून बापूंना विचारतात, "अरे, माझे टेम्पो कुठायत?"

बापू पडद्यावरची नजर न हलवता म्हणाले, "ट्रॅफिकमध्ये अडकलेत. गप्प बस."

त्या माणसाने स्वतःची लाडकी गोष्ट काढली होती आणि कोणाकडे अवाक्षर काढलं नव्हतं.

पडद्यावर मी पिशवी घेऊन लिफ्टमध्ये शिरले. विचारलं, "कुठे जायचंय काका?"

आणि ती शांतता सुरू झाली. काका गप्प. मजले जातायत. हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येईल. एक मजला, आणखी एक. सुमनकाकू खुर्चीच्या कडेवर आलेल्या. महिनाभर घरी पोळ्या लाटता लाटता त्यांनीच काकांची तालीम घेतली होती. त्यांना राहवेना. पडद्याकडे झुकून, एका हाताने तोंड झाकून, पण सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या,

"कुठंच नाही... अहो, कुठंच नाही!"

आणि पडद्यावरच्या काकांनी वर बघितलं आणि म्हणाले, "कुठंच नाही. तुमच्या मजल्यापर्यंत सोबत येतो."

हॉल डोक्यावर घेतला लोकांनी! टाळ्या थांबेनात, बापू उभं राहून रडतायत, कॉलनीतल्या बायका काकूंच्या पाठीवर थापा मारतायत.

त्या सगळ्या गोंधळात डिगूकाका काकूंच्या कानाशी वाकले. मी अगदी मागेच होते, म्हणून मला ऐकू आलं.

"चांगलं दिलंस. पण शब्द थोडा आधी द्यायचा असतो गं."